उपाशी बोटं

एप्रिलमधला शनिवार होता. हिवाळाभर ट्रेलरमध्ये आणि वर्कशॉपमध्ये पडून असलेलं आमचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, वर्षाची तपासणी होऊन पहिल्यांदाच मैदानावर आलं होतं, आणि पहिलं उड्डाण भागीदारांनी करायचं हे आधीच ठरलेलं. ते कॉकपिटमध्ये उतरले, पॅराशूटचे पट्टे आवळले, खांद्यावरचे पट्टे ओढून घेतले आणि उजवा हात स्टिकवर, ग्लायडर वळवायच्या दांड्यावर, ठेवला. मग उचलला. बोटं एकदा उघडमीट केली, पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. तिसऱ्या वेळी त्यांनी हात खाली सरकवला आणि स्टिकवर बसवलेल्या मुठीच्या खाली जी चार बोटं उघडी नळी राहते, तिलाच धरलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं, "शोन" म्हणाले, म्हणजे छान झालंय, आणि कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटचं पारदर्शक झाकण, ओढून घेतली. मी पंखाचं टोक उचलून धरलं. ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या विंचचा दोर गवतातून सरसरत ताणला गेला, चार पावलं मी पंखाबरोबर धावले, आणि मग हातात काही उरलं नाही. सव्वा तासानं ते उतरले. हवा कशी होती, ढगांचा तळ किती उंचीवर होता, टेकच्या किल्ल्यावर कशी मस्त उचल मिळाली, सगळं सांगितलं. मुठीबद्दल एक अक्षर नाही.

ती मूठ मी बनवली होती. माझ्या हाताच्या मापाची.

आम्ही दोघं त्या ग्लायडरचे अर्धे-अर्धे मालक. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, मी त्यांच्याहून तीस वर्षांनी लहान. इथे जर्मनीत क्लबमध्ये सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, जर्मनमध्ये आम्हीही एकमेकांना 'दू' म्हणजे 'तू' म्हणतो. पण मराठीत लिहायला घेतलं की माझा हात आपोआप 'ते' लिहितो, त्याला माझा इलाज नाही. आमचं ग्लायडर आहे स्टँडर्ड सिरस. क्लाउस होलिगहाउस यांनी आखलेलं, 1969 साली पहिल्यांदा उडालेलं, पंधरा मीटर पंखांचं, आणि आमच्या मैदानापासून जवळच किर्शहाईममध्ये शेंप-हिर्थच्या कारखान्यात बांधलेलं. म्हणजे ज्या गावात जन्मलं त्याच गावाच्या आभाळात ते अजून उडतंय. भागीदारांकडे ते अडतीस वर्षं आहे. त्यांच्या आधीच्या जोडीदारानं तब्येतीमुळे उडणं सोडलं, तेव्हा चार वर्षांपूर्वी तो अर्धा वाटा मी घेतला.

मूठ बदलायची हे माझ्या डोक्यात आलं ते पाच तासांच्या उड्डाणात. सिल्व्हर बॅजसाठी तीन गोष्टी लागतात: पन्नास किलोमीटर अंतर, हजार मीटर उंची मिळवणं आणि पाच तास हवेत राहणं. पहिल्या दोन झाल्या होत्या. पाच तासांसाठी जुलैचा एक दिवस मिळाला, आल्ब डोंगररांगेच्या कड्यावर सकाळी साडेदहालाच ढगांचे कापसासारखे पुंजके उमटायला लागले होते. तीन तास मजेत गेले. चौथ्या तासात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. जुनी मूठ काळ्या रबराची, जाड, मोठ्या पुरुषी पंज्याला बेतलेली. रेडिओवर बोलायचं बटण तिच्या माथ्यावर, आणि माझा अंगठा तिथे पोचायला अर्धा इंच कमी पडायचा. बोलायचं झालं की मला मूठ सोडून हात वर सरकवावा लागे. आता सिरसची शेपटी अशी की तिचा आडवा पंख अख्खाच्या अख्खा हलतो, त्यामुळे नाक वर-खाली करायला स्टिक केसभर हलवली तरी पुरते. मी हात सरकवला की नाक डुलणार. एकाच थर्मलमध्ये, वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, आम्ही तिघं फिरत होतो, खालचं ग्लायडर माझ्या आतल्या बाजूला यायला लागलं, मला त्याला सांगायचं होतं की मी वर आहे. हात सरकवला, नाक खाली झुकलं, आणि त्याची कॅनॉपी, आतली टोपीसुद्धा, मला नको इतकी मोठी दिसली. दोन सेकंदांचा खेळ. तो बाजूला झाला, मी सावरले, पाच तास पुरे करून उतरले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी मात्र रात्री झोपताना उजवा अंगठा ताणून बघत होते, कुठवर पोचतो ते.

त्या कॉकपिटमध्ये माझ्या मापाचं काहीच नव्हतं, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. पाटीवर लिहिलंय, वैमानिकाचं वजन पॅराशूटसकट कमीत कमी सत्तर किलो. मी त्रेपन्न, पॅराशूट सात. उरलेले दहा किलो शिशाच्या पट्ट्यांच्या रूपानं दर वेळी बोल्ट लावून बसवायचे, नाहीतर गुरुत्वमध्य मागे जातो आणि गिरकीत अडकलं तर बाहेर निघणं मुश्किल. पाठीमागे उशी हवी, तीही मऊ चालत नाही. कारण विंच ओढतो तेव्हा काही सेकंदांत वेग शंभराच्या वर जातो, मऊ उशी चेपते, माणूस मागे सरकतो आणि त्याच्याबरोबर हातातली स्टिकही मागे ओढली जाते. जमिनीपासून दहा मीटरवर नाक असं उचललं गेलं तर काय होतं ते कुणीही सांगेल. म्हणून कडक फोमची उशी. शिसं माझं, उशी माझी, पायाचे पेडल शेवटच्या खाचेपर्यंत माझ्याकडे ओढलेले. एवढं सगळं करून मी त्या यंत्रात बसायचे, आणि शेवटी ज्याला पाच तास धरायचं तेच दुसऱ्याच्या मापाचं.

नोव्हेंबरमध्ये मी भागीदारांना विचारलं. "कर की," ते म्हणाले, "तुझंही आहे ते."

आमचे अण्णा कोल्हापूरला फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामात लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आधी करायचा, तो वाळूत दाबून काढायचा आणि त्याच्या पोकळीत रस ओतायचा. हे नमुने करणं हे त्यांचं आयुष्य. लहानपणी त्यांची पट्टी वापरून मी शाळेतली आकृती काढली आणि सगळी मापं चुकली, तेव्हा मला कळलं की पॅटर्नमेकरची पट्टी वेगळी असते. लोखंड थंड होताना आक्रसतं, शंभर मिलिमीटरमागे साधारण एक. म्हणून त्या पट्टीवरचा सेंटिमीटरच तेवढा मोठा आखलेला असतो. थंड झाल्यावर काय उरणार आहे ते आधीच धरून चालायचं. तर मुठीचं काम निघाल्यावर फोन त्यांनाच केला. त्यांनी पहिलं विचारलं, "कशी धरतीस, बघू." मी व्हिडिओ कॉलवर लाटणं धरून दाखवलं. "लाटणं नगं. माती घे. माती धर, आन मग बोल."

मातीचा गोळा काठीवर थापला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत सिरसच्या सीटसारखी मागे रेलून बसले आणि तो धरून अर्धा तास एक जुनं नाटक ऐकत बसले. मुद्दाम. लक्ष नसताना हात कसा धरतो ते मातीत उमटायला हवं होतं. त्यावरून आधी प्लॅस्टिकचा एक नमुना छापून घेतला, नुसता आकार बघायला. छापायच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचीच मूठ करून टाकली तर काम लवकर होईल असा सल्ला मला क्लबमध्ये मिळाला होता. पण ते प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात बंद कॅनॉपीखाली काय भट्टी होते ते ज्यानं एकदा हात घालून पाहिलंय त्याला सांगायला नको. कॅनॉपी नुसती उघडी ठेवली तरी ती भिंगासारखं ऊन एकवटते, सीटच्या कापडावर जळल्याचे डाग पडलेली ग्लायडरं मी पाहिली आहेत. मग अण्णांनी सागवान पाठवलं. गावाहून येणाऱ्या एका मैत्रिणीच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेला, वीतभर लांबीचा तुकडा. पंपाच्या कुठल्याशा जुन्या पॅटर्नचा, एका बाजूला अजून लाल रंगाची कड. तीस-एक वर्षं वाळलेलं लाकूड. पहिल्यांदा कानस मारली तेव्हा जो वास आला, तो अण्णांच्या सदऱ्याचा. डिसेंबरची रात्र, बाहेर बर्फ, वर्कशॉपमधला हीटर घरघरतोय आणि मी लाकडाचा भुसा नाकाशी धरून उभी.

कोरत गेले. अंगठ्याला बैठक, तर्जनीला खळगा, मग मधलं बोट, अनामिका, करंगळी, प्रत्येकाला आपापली खाच. सागवान तेलकट असतं, काहीही चिकटवायचं तर आधी ॲसिटोननं पुसून घ्यावं लागतं, तेही पहिल्यांदा विसरून एक जोड फुकट घालवला. अळशीच्या तेलाचे चार हात दिले. शेवटी हातात घेतली तेव्हा इतकी चपखल बसली की डोळे भरून आले. खरंच सांगते. त्या सगळ्या यंत्रात पहिल्यांदा काहीतरी माझं होतं.

बसवण्याचं काम मात्र कोरण्याइतकं हळवं नाही. जुनी मूठ निघता निघेना. रबर इतक्या वर्षांत नळीशी एकजीव झालेलं, केस वाळवायच्या यंत्रानं गरम करत, पिळत, एक एक मिलिमीटर वर आणत तासाभरानं सुटली. आत दोन बारीक वायरी, रेडिओच्या बटणाच्या. त्या नळीतून खाली जातात आणि जिथे स्टिक खुंटाळ्यावर हलते तिथे दर वेळी वाकतात. आमच्यातली एक तिथेच तुटायला आली होती, वरचं आवरण गेलेलं, आतल्या तारांपैकी तीनच शाबूत. ती तशीच राहिली असती तर एक तर बोलणं बंद पडलं असतं किंवा दोन्ही वायरी भिडून रेडिओ चालूच राहिला असता, आणि मग अख्ख्या मैदानाची वारंवारिता अडवून बसणं आलं. नवी वायर ओढली, खाली मोकळा वेढा ठेवला, नळीच्या तोंडाशी कड घासणार नाही अशी रबरी वळी बसवली.

आणि मग वॉशर पडला.

एक चकती, करंगळीच्या नखापेक्षा लहान. चिमट्यातून निसटली, सीटच्या कडेवर टिंग असा आवाज झाला आणि मग काही नाही. ग्लायडरच्या पोटात सगळ्या दांड्या, तरफा, गुडघे उघडेच असतात; त्यात कुठेही ती चकती जाऊन बसली तर एखाद्या दिवशी, वळताना, स्टिक नेमकी अर्ध्यावर अडेल. म्हणून आमच्याकडे कामाला बसताना हत्यारं, स्क्रू, वॉशर सगळं मोजून ट्रेमध्ये मांडायचं आणि उठताना मोजून घ्यायचं, एक जरी कमी असलं तरी ग्लायडर बाहेर जात नाही. माझा ट्रे एकानं कमी होता. चुंबक फिरवला, पण चकती स्टेनलेसची, चुंबकाला दाद देईना. सीटचा तळ काढला. टॉर्च, आरसा, बारीक नळी लावलेला व्हॅक्यूम. पहिल्या तासात एक वाळलेली मधमाशी, एक पेन्सिलीचं टोक आणि एक जर्मन फेनिंगचं नाणं सापडलं, म्हणजे युरोच्या आधीचं. वॉशर दुसऱ्या तासाच्या शेवटी मिळाला, माझ्याच स्वेटरच्या बाहीच्या दुमडीत. मी जमिनीवर बसले आणि बराच वेळ तो मुठीत घट्ट धरून ठेवला.

तपासायला आमच्या क्लबच्या परवानाधारक तपासनीस आल्या. त्यांनी मुठीच्या कोरीवकामाकडे पाहिलंही नाही. जुनी मूठ आणि नवी मूठ स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करून घेतल्या. मग त्यांना तीनच गोष्टी हव्या होत्या. एक, ही नळीवर फिरते का? दोन्ही हातांनी पिळून बघितलं, स्क्रूवर रंगाचा ठिपका दिला, म्हणजे पुढे कधी सैल झाला तर दिसेल. दोन, कुठे आपटते का? मला पॅराशूट घालून, पट्टे बांधून, शिसं-उशीसकट बसवलं, कॅनॉपी लावायला सांगितली आणि स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन दाखवायला लावली. पूर्ण पुढे नेल्यावर माझी बोटं उपकरणांच्या फळीपासून किती लांब राहतात, पूर्ण मागे आणि डावीकडे ओढल्यावर मूठ मांडीत रुतते का, सगळं वाकून बघितलं. तिसरा प्रश्न त्यांनी कॅनॉपी उघडल्यावर विचारला. हवेत ही मूठ हातात निघून आली, तर जे उरेल ते धरून तुला उतरता येईल का? मी मूठ काढली आणि नुसती नळी धरून दाखवली. थंडगार, गुळगुळीत, अंगठ्याएवढी. "चालेल," त्या म्हणाल्या आणि वहीत सही केली.

एप्रिलच्या त्या सकाळी भागीदारांनी धरली होती ती हीच नळी.

नवी मूठ घेऊन मी स्वतः मे महिन्यात उडायला लागले. बटण अंगठ्याखाली होतं, बोलायला हात हलवावा लागत नव्हता, बोटं बधिर होत नव्हती. ज्यासाठी केलं ते सगळं मिळालं. पण उडणं बिघडलं. थर्मलमध्ये वर्तुळं वाकडी यायला लागली, वेगाचा काटा खालीवर, नाक क्षितिजावर टिकेना. आधी वाटलं हवाच खडबडीत आहे. मग एका शांत संध्याकाळी, सूर्य मावळतीला, हवेत एक सुरकुती नाही, तरी नाक डुलतंय हे पाहून मी हाताकडे बघितलं. नखं पांढरी पडली होती. पाचही बोटं आपापल्या खाचेत बसून ती स्टिक आवळत होती. हात मोकळा करायला गेले तर खाचा सोडेनात. हलकं धरायला जागाच मी ठेवली नव्हती.

आणि तेव्हा हडपसर आठवलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी तिथल्या सरकारी ग्लायडिंग सेंटरवर जायला लागले होते. पहाटे पुण्यातून स्कूटर काढायची, थंडीत बोटं वाकेनाशी व्हायची. गवतावर दव, विंचचा डिझेलचा धूर, आणि ग्लायडर ढकलून ढकलून भरून आलेले खांदे. एका मिनिटाच्या आत वर, खाली एका बाजूला रेल्वेची लाइन, दुसरीकडे इमारतींची गर्दी, आणि पाच-सात मिनिटांत पुन्हा खाली. मागच्या सीटवरचे इन्स्ट्रक्टर फार बोलायचे नाहीत. माझं आवळणं त्यांना मागच्या जोड-स्टिकमधून कळायचं. एकदा उतरल्यावर म्हणाले, "तीन बोटांनी धर. बाकीची दोन उपाशी राहू देत." तिथली दोर सोडायची घुंडी पिवळी, ब्रेकची दांडी निळी, ट्रिमची हिरवी, बारा वर्षांनी या देशात येऊन कॉकपिटमध्ये बसले तर तेच पिवळं, तेच निळं, तेच हिरवं. परक्या भाषेच्या मैदानावर त्या दिवशी मला रडू आलं नाही ते त्या रंगांमुळे. कुणाचाही हात आला तरी त्याला वाट सापडावी म्हणून कुणीतरी ते ठरवून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या खणातून जुनी मूठ काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवली होती. खिडकीपाशी नेली. इतकी वर्षं मी ती काळी, जाड, कुणाच्याच हाताची नसलेली म्हणून ओळखत होते. उजेड आडवा पाडला तेव्हा दिसलं की रबरावरची बारीक चौकड्यांची नक्षी सगळीकडे सारखी नाही. डाव्या अंगावर, माथ्याच्या खाली, एक उथळ बशीसारखा खोलगट भाग, तिथे नक्षी पार गेलेली, रबर गारगोटीसारखं चकाकतंय. अंगठा. त्याच्या समोर, थोडं वर, आणखी एक गुळगुळीत पट्टा. तर्जनी आणि मधलं बोट. आणि खाली, जिथे अनामिका आणि करंगळी यायला हवीत, तिथे एक एक चौकडी धारदार. साच्याची शिवणसुद्धा तशीच उठून होती. अडतीस वर्षं, आणि त्या दोन बोटांनी तिथे जोर दिलाच नव्हता. मी माझा अंगठा त्या बशीत ठेवून पाहिला. हात वर सरकवून, बटणाची काळजी सोडून, तीनच बोटांनी. बसला.

अण्णांना फोन केला, सगळं सांगितलं. नवी मूठ कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. कोरीव काम चांगलं झालंय म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून ते येणं ही मोठी गोष्ट आहे. मग म्हणाले, "ह्याला ड्राफ्ट कुठाय?" पॅटर्नच्या उभ्या बाजू कधीच सरळ काटकोनात करत नाहीत, एखाद-दुसरा अंश तिरका उतार देतात, तोच ड्राफ्ट. तो नसला तर पॅटर्न वर काढताना वाळूच्या कडा ढासळतात आणि साचा वाया जातो. "वाळूतनं सुटाय पायजे, पोरी. बसाय सगळंच बसतंय." मी काही बोलले नाही. ते पुढे म्हणाले, "तुझ्या आज्जीचा खुंटा आठीव."

आजीचं जातं आमच्या गावच्या घरात मधल्या सोप्यात होतं. मी पाहिलं तेव्हा पीठ गिरणीतच यायचं, पण लग्नाकार्याची हळद आणि मेतकूट त्यावरच. आजी एका बाजूला, चुलत आजी समोर, एक पाय लांब केलेला, आणि दोघींचे हात एकाच खुंट्यावर. एकीचा वर, दुसरीचा खाली, मध्येच वरचा खाली यायचा, कुणी कुणाला सांगत नसे. मधे मला हात घालू द्यायच्या तेव्हा तळव्याला ते लाकूड साबणासारखं लागायचं. सैल झाला की चिंधीचा वेढा घालून दगडानं ठोकून घट्ट करायचा, तेवढीच त्याची डागडुजी. आकार म्हणाल तर नुसती गोल काठी. आजीचे हात राकट, रुंद. चुलत आजी मूठभर बाई. दळण एकच पडायचं.

मला यातून एकदम उजाडलं वगैरे असं नाही. उलट राग आला. कारण सगळ्यांना चालणारी म्हणून जी वस्तू असते, ती बहुतेक वेळा एका ठरावीक माणसाला चालणारी असते आणि बाकीच्यांनी शिसं बांधून, उशा लावून तिच्यात बसायचं असतं. हे मी चार वर्षं अनुभवलंय. त्याच सुमारास दुसऱ्या एका मैदानावर मी एका गृहस्थांना उडताना पाहिलं. चाकाच्या खुर्चीतून आले, चौघांनी उचलून ASK नावाच्या दोन-आसनीत बसवलं, मी त्याला नेहमी 'शाळेचं ग्लायडर' म्हणते. त्याला पायाच्या पेडलचं काम हातानं करायची दांडी बसवता येते, कारखाना स्वतःच ती देतो. त्यांनी उतरताना जे ग्लायडर गवतावर टेकवलं, तसं मला अजून जमत नाही. शेंप-हिर्थ या नावातले वोल्फ हिर्थ स्वतः मोटारसायकलच्या अपघातात एक पाय गमावलेले, कृत्रिम पायानं पेडल दाबत त्यांनी आयुष्यभर उडवलं. यंत्र माणसाच्या मापाचं करून घेण्यात गैर काही असेल तर ते मला पटणार नाही. अंगठा बटणापर्यंत पोचलाच पाहिजे. त्यावर मी हटणार नव्हते.

पण त्या पाच खाचांपैकी मला लागत होत्या त्या किती, एवढं मात्र त्या खिडकीपाशी कळलं होतं.

पुन्हा मातीचा गोळा केला. या वेळी तो घरी नाही, वर्कशॉपमध्ये काठीवर लावला आणि भागीदारांना म्हटलं, धरा. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मला ठीक आहे ते, नळी चालते मला," म्हणाले. मी म्हटलं, मला चालत नाही. मग ते बाकावर बसले, डोळे मिटले आणि धरलं. त्यांच्या हातावर वयाचे तपकिरी डाग, अंगठ्याच्या बुडाशी संधिवाताची गाठ. ती गाठ मी आजवर पाहिली नव्हती. बाजूला उभं राहून कितीदा तरी त्यांना पट्टे बांधायला मदत केलीय, तरी नाही. त्यांनी सोडल्यावर त्याच मातीवर मी धरलं. माझ्या बोटांनी त्यांच्या खुणा थोड्या मोडल्या, थोड्या राहिल्या. मग त्यांनी पुन्हा धरलं. असं चार-पाच वेळा. शेवटी मातीचा जो आकार उरला तो बघायला काहीच नव्हता, वरती जरा फुगीर आणि खाली निमुळती होत गेलेली एक काठी. बटणाची जागा आम्ही पेननं टोचून ठरवली: माझा अंगठा जिथे सहज पडतो आणि त्यांचा अंगठा न दुखता जिथे वाकतो, त्या दोन टिंबांच्या मधे. अंतर चौदा मिलिमीटर होतं, सात-सात वाटून घेतले.

नवं लाकूड घेतलं नाही. त्याच सागवानाच्या मुठीवर कानस चालवली. खाचांचे कंगोरे एक एक करून गेले, चार महिन्यांचं काम दोन संध्याकाळींत भुसा होऊन खाली पडलं. करंगळीची खाच घासताना हात थांबला होता, ते कबूल करते. लाल रंगाची कड बुडाशी थोडी राहिली, ती ठेवली.

जूनच्या मध्यावर पुन्हा बसवली. वॉशर मोजले. स्क्रूवर रंगाचा नवा ठिपका. तपासनीस बाईंचे तेच तीन प्रश्न, आणि या वेळी चार कोपरे दोघांनीही बसून दाखवले. शनिवारी मैदानावर ग्लायडर जोडलं, आणि जोडल्यावर दर वेळी करतो ती तपासणी करायला भागीदार आत बसले, मी शेपटीकडे गेले. ही तपासणी नुसती बघून होत नाही. एकानं मागे नियंत्रणाचा पंख हातानं धरून ठेवायचा, दुसऱ्यानं आत स्टिक हलवायची, आणि मधला प्रत्येक सांधा खरोखर जोडलेला आहे हे जोर लावून पडताळायचं. मी आडव्या पंखाच्या मागच्या कडेला दोन्ही तळवे लावले. दव होतं, पांढरा पृष्ठभाग गार. चेरीची झाडं आता हिरवी झाली होती आणि कड्यावर पहिला ढग उमटत होता.

"तयार?" त्यांनी आतून विचारलं.

"तयार."

तळव्यांवर हळूच दाब आला. आधी इतका कमी की मला वाटलं वाराच आहे. मग तो वाढला, थांबला, आणि मी जोर लावला तसा समोरून तितकाच परत आला. पाच-एक मीटरवर, कॉकपिटमध्ये, त्यांचा हात माझ्या हातांना ढकलत होता. मी मान वळवून पाहिलं. कॅनॉपी उघडी होती, त्यांचा डावा हात कडेवर, उजवा दिसत नव्हता.

"उलट्या बाजूनं," मी म्हटलं. दाब सुटला आणि दुसरीकडून आला.